ट्रायल पास होणार का, याचा आकडा काढायचा कसा

फेज ३ ट्रायलचा, म्हणजे मंजुरीच्या अर्जाआधीच्या मोठ्या चाचणीचा, प्रोटोकॉल (आराखडा) उघडला की सॅम्पल साइझच्या, म्हणजे पेशंट किती घ्यायचे त्या, सेक्शनमधे एक वाक्य हमखास सापडतं, साधारण असं की दोन गटांत अमुक इतका फरक धरलाय, टू-साइडेड अल्फा ०.०५ (औषधात काही नसताना नशिबाने फरक दिसायची सूट, दोन्ही बाजू मिळून ५%), तर इतक्या पेशंटमधे पॉवर ९०% मिळते. हे वाचून निम्मे लोक, त्यात गुंतवणूकदार आले, पत्रकार आले, आणि खोटं कशाला बोलू, औषध कंपन्यांतले बरेच साहेबलोकही आले, मनातल्या मनात नोंद करून मोकळे होतात की चला, ट्रायल यशस्वी व्हायचा चान्स ९०%. मी दिवसभर याच आकड्यांमधे असतो, आणि या एका गोष्टीवर कितीदा वाद घातलाय त्याला हिशोब नाही, तर आता एकदाचं लिहूनच टाकतो, पुढच्या वेळी लिंक पाठवली की काम झालं.

सगळी गोम त्या धरलेल्या फरकात आहे. औषधाचा खरा परिणाम आम्ही धरलाय तेवढाच असेल, तर ट्रायल पॉझिटिव्ह यायची शक्यता ९०%, एवढंच ते वाक्य सांगतं. खरा परिणाम तेवढा आहे का हे कोणालाच माहीत नसतं, माहीत असतं तर एवढा खर्च करून ट्रायल कशाला केली असती? आता बघा, खरा परिणाम धरलेल्याच्या ८०% निघाला तर तीच पॉवर ७४% वर येते, ७०% निघाला तर ६२% वर, आणि निम्माच निघाला तर ३७%. निम्मा परिणाम ९०% खात्रीने पकडायचा असेल तर पेशंट चौपट घ्यावे लागतात, ते बजेट कोणी देत नाही. आणि औषधात काहीच दम नसेल तर नशिबाने योग्य बाजूला पास व्हायचा चान्स अडीच टक्के.

म्हणजे खरा चान्स काढायचा तर या सगळ्या शक्यतांची सरासरी काढायची, ज्या शक्यतेवर जितका विश्वास तितकं तिला वजन. संख्याशास्त्रवाले याला ॲश्युरन्स म्हणतात, कल्पना १९८० च्या दशकापासून आहे, अवघड काही नाही. समजा फेज २, म्हणजे त्याआधीची छोटी ट्रायल, जेमतेम पास झाली, पी व्हॅल्यू (औषधात काहीच नसतं तर निव्वळ नशिबाने एवढा किंवा जास्त फरक दिसायची शक्यता) अगदी ०.०५ च्या काठावर, आणि त्यात दिसलेला परिणाम जसाच्या तसा धरून फेज ३ ला ९०% पॉवर दिली. फेज २ मधली अनिश्चितता हिशोबात घेतली की त्या ९० चे ७५ होतात. आणि हे सुद्धा फेज २ वर पूर्ण भरवसा ठेवून, बाहेरची काहीही शंका न घेता. शंका घेतली की अजून खाली, ते पुढे येतंच.

मग सुरुवात कुठून करायची? मी म्हणेन आधी औषधाचं नाव विसरा, आणि अशा जागी उभ्या असलेल्या इतर औषधांचं काय झालं ते बघा. बायो ही अमेरिकन बायोटेक इंडस्ट्रीची संघटना, तिने २०११ ते २०२० या दहा वर्षांचा हिशोब काढला होता. फेज १ मधून २ मधे गेली ५२.०%, फेज २ मधून ३ मधे २८.९%, फेज ३ मधून मंजुरीच्या अर्जापर्यंत ५७.८%, आणि अर्ज केल्यावर मंजुरी ९०.६%. चारही गुणले की फेज १ पासून बाजारापर्यंत ७.९%. यातला सगळ्यात बोलका आकडा दुसरा, कारण फेज २ हीच खरी चाळणी, तिथेच पहिल्यांदा प्रश्न विचारला जातो की बाबा रे, माणसाच्या आजारावर तुझा उपयोग होतो का.

आजारानुसार तर जमीन अस्मानाचा फरक. त्याच हिशोबात फेज १ पासून मंजुरीपर्यंत रक्ताचे आजार (कॅन्सर सोडून) २३.९%, कॅन्सर ५.३%. पेशंट बायोमार्करने (रक्तातली, जनुकातली वगैरे मोजता येणारी खूण) निवडून घेतलेले असतील तर १५.९%, नसतील तर ७.६%. आणि अल्झायमरचं तर विचारूच नका, २००२ ते २०१२ मधल्या ट्रायल्सचा हिशोब २०१४ मधे छापून आला त्यात अपयशाचा आकडा ९९.६% होता. तुम्ही अल्झायमरच्या औषधाला डोळे झाकून फेज ३ ची सरासरी लावून ५८% म्हणत असाल तर चर्चा तिथेच संपते.

एक अडचण मात्र आहे, हे सरासरीचे आकडे सुद्धा कोण मोजतो त्यावर बदलतात. एमआयटीच्या वोंग, सिया आणि लो या तिघांनी २०१९ मधे दुसऱ्या पद्धतीने मोजलं, एकेक औषध आणि आजार अशी जोडी धरून तिचा अख्खा प्रवास बघितला, ट्रायल्सच्या रजिस्ट्रीत, म्हणजे नोंदवहीत, मधली पायरी दिसत नसेल तरी ती पार केली असं धरलं, तर एकूण १३.८% आले. आणि गंमत म्हणजे कॅन्सरचे मात्र उलट ३.४% इतके कमी. दोन्ही चांगली कामं आहेत, दोघांचे छेद वेगळे. त्यामुळे कोणी "औषधांचा सक्सेस रेट इतका" असं ठोकून दिलं की आधी विचारायचं, कुठून कुठपर्यंत, आणि भागाकारात खाली काय घेतलंय.

आता ते ५७.८% एवढे कमी का, पॉवर तर सगळे ८०-९०% देतात, हा प्रश्न पडायला हवा. याचं उत्तर कागदावर दोन मिनिटांत निघतं. समजा १००० औषधं फेज २ मधे आली, त्यातली २५० खरोखर काम करणारी. फेज २ ची पॉवर ८०%, आणि चुकून पास होण्याची सूट १०% (फेज २ मधे एवढी ढील देतात, कारण छोटी ट्रायल असते आणि चांगलं औषध हातचं घालवायचं नसतं). कामाच्या २५० मधून २०० पास. बिनकामाच्या ७५० मधून ७५ पास. म्हणजे फेज ३ च्या दारात २७५ उभी, त्यातली २०० खरी, ७३%. त्यांना ९०% पॉवरने गुणा, बिनकामाच्यांचे अडीच टक्के मिळवा, आले ६६%. आणि सुरुवातीला २५० ऐवजी १०० च कामाची असतील तर? ८० खरी आणि ९० खोटी पास होतात, म्हणजे फेज ३ मधे शिरणाऱ्यांत निम्म्याहून जास्त बिनकामाची, आणि यशाचा अंदाज ४४%. प्रोटोकॉलमधे मात्र दोन्हीकडे तेच छापलेलं, पॉवर ९०%.

या हिशोबातून मला जे म्हणायचंय ते हेच, फेज ३ चा चान्स फेज ३ च्या डिझाइनमधून फारसा ठरत नाही, तो आधीच ठरलेला असतो, फेज २ किती कडक होती आणि त्या आजारात मुळात कामाची औषधं किती सापडतात यावर. तरी लोक तास तास फेज ३ च्या डिझाइनवर बोलतात आणि फेज २ चा पेपर उघडूनही बघत नाहीत.

फेज २ चा पेपर उघडल्यावर मी काय बघतो? पेशंट किती, ब्लाइंडिंग होतं का (कोणाला औषध मिळतंय हे लपवलेलं), कंट्रोल आर्म, म्हणजे तुलनेचा गट, होता का, आणि जो आकडा मिरवतायत तोच आधीपासून प्रायमरी एंडपॉइंट, म्हणजे पास-नापास ठरवणारं मुख्य माप, म्हणून ठरवलेला होता का. कॅन्सरमधे अजूनही कंट्रोल नसलेल्या एका आर्मच्या ट्रायल्स होतात, गाठ किती लहान झाली ते मोजतात, आणि फेज ३ मधे विचारतात माणूस किती जगला. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, पहिल्याचं उत्तर चांगलं आलं म्हणून दुसऱ्याचं येईलच असं नाही. डोस बदललाय का, पेशंटचा गट बदललाय का, एंडपॉइंट बदललाय का, असे फेज २ आणि ३ मधले बदल जितके जास्त तितका मी आकडा खाली आणतो.

आणि सबग्रुप, म्हणजे सगळ्या पेशंटमधून वेगळा काढलेला एखादा गट! इथे एक केस जरा जवळून बघू, कारण यात सगळं आहे. इलाय लिलीचं सोलानेझुमॅब, अल्झायमरसाठी. एक्स्पिडिशन १ आणि २ अशा दोन मोठ्या फेज ३ ट्रायल्स, प्रत्येकी हजारावर पेशंट, २०१२ मधे दोन्ही प्रायमरी एंडपॉइंटवर फेल. पण दोन्हींचा डेटा एकत्र करून फक्त सौम्य आजाराचे पेशंट घेतले तर आकलनशक्तीची घसरण साधारण ३४% कमी दिसली. मग फक्त सौम्य पेशंटवर एक्स्पिडिशन ३ काढली. कागदावर ती आधीच्यांपेक्षा सरस होती, कारण आधीच्या ट्रायल्समधे तपासलेल्या सौम्य पेशंटपैकी जवळपास चौथ्या हिश्श्याच्या मेंदूत अमायलॉइड हे प्रथिन सापडलंच नव्हतं (म्हणजे ज्या गोष्टीवर औषध मारा करतं तीच नाही), आणि यावेळी अमायलॉइड तपासूनच पेशंट घेतले. २१२९ पेशंट, उगाच घाईत केलेलं काम नव्हतं ते.

तर २०१३ मधे बसून आकडा काढायचा म्हटला तर कसा काढला असता? (निकाल माहीत असताना शहाणपण सोपं असतं, मान्य, तरी.) सरासरी ५८ पासून सुरू केलं, अल्झायमर म्हणून धाडकन खाली आलो, समजा १० वर. मग सौम्य गटातला सिग्नल दोन्ही ट्रायल्समधून एकत्र आलाय, अमायलॉइडची तपासणी आहे, पेशंट भरपूर, म्हणून वर, २०-२५ पर्यंत. पण तो ३४% हा आकडा निवडून काढलेला आहे हे विसरायचं नाही. अनेक गटांमधून जो सगळ्यात चांगला दिसला तोच आपल्यासमोर आलाय, आणि असा निवडलेला आकडा पुन्हा मोजला की जवळजवळ नेहमी खालीच येतो, परीक्षेत अचानक वर्गात पहिल्या आलेल्या पोराचे पुढच्या परीक्षेतले मार्क बघा, तसंच. पुढे मार्च २०१६ मधे, निकाल यायच्या आधीच, कंपनीने दोनपैकी एक प्रायमरी एंडपॉइंट खाली सरकवला, रोजच्या कामांची क्षमता मोजणारा, आणि फक्त आकलनशक्तीचा ठेवला. बाहेरून बघणाऱ्याला एवढी खूण पुरेशी असते, मी तरी असं दिसलं की पाच-सात टक्के काढून घेतो. नोव्हेंबर २०१६ मधे निकाल आला, घसरण सुमारे ११% कमी, पी व्हॅल्यू ०.०९५. चौतीसचे अकरा झाले. दिशा बरोबर होती, परिणाम एक तृतीयांश उरला.

ज्यांना एकच नियम हवा त्यांना मी सांगतो, फेज २ मधे किंवा सबग्रुपमधे दिसलेला परिणाम आधी कात्री लावून मग पॉवर काढा. कात्री किती लावायची ते फेज २ किती लहान आणि किती वेळा घासूनपुसून शोधलेलं त्यावर. शिस्तीत केलेली मोठी फेज २ असेल तर २०% कापा, सबग्रुप असेल तर निम्मं कापायला मागेपुढे बघू नका.

आकड्यांइतकंच जीवशास्त्र महत्त्वाचं, आणि इथे मला कोलेस्टेरॉलची जोडी फार आवडते. एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, ज्याचं जास्त त्याला हार्ट अटॅक कमी, हे निरीक्षणांमधून वर्षानुवर्षं दिसत होतं. मग एचडीएल वाढवण्यासाठी सीईटीपी नावाचं प्रथिन अडवणारी औषधं आली. फायझरच्या टॉरसेट्रापिबने एचडीएल ७२% वाढवलं, वर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, २५% कमी केलं, एवढं देखणं बायोमार्कर क्वचित बघायला मिळतं. साधारण १५००० पेशंटची ट्रायल डिसेंबर २००६ मधे मधेच थांबवावी लागली, औषधाच्या बाजूला मृत्यू जास्त, अंतिम मोजणीत ९३ विरुद्ध ५९. ब्लड प्रेशर वाढतंय हे आधीच्या अभ्यासांत दिसलं होतं, एचडीएलच्या कौतुकात ते मागे पडलं. नंतर रोशचं डालसेट्रापिब २०१२ मधे बंद, लिलीचं इव्हॅसेट्रापिब २०१५ मधे बंद.

आणि २०१२ मधेच लॅन्सेटमधे एक जनुकीय अभ्यास आला, काही लोकांत जन्मतःच एका जनुकातल्या बदलामुळे एचडीएल जास्त असतं, बाकी फारसं काही बदलत नाही. निरीक्षणांच्या हिशोबाने त्यांना हार्ट अटॅक १३% कमी यायला हवे होते, तसं काही दिसलं नाही. निसर्गानेच लाखो लोकांवर आयुष्यभराची ट्रायल करून ठेवली होती, आपण वाचली उशिरा.

याच्या उलट पीसीएसके९ हे जनुक. २००६ मधे दिसलं की ज्या कृष्णवर्णीय अमेरिकन लोकांत या जनुकाची एक प्रत जन्मापासून निकामी आहे त्यांचं एलडीएल २८% कमी आणि हृदयविकाराची जोखीम ८८% कमी, आणि बाकी माणसं ठणठणीत. एलडीएलबद्दल स्टॅटिन्सचा (एलडीएल कमी करणारी जुनी औषधं) पुरावा आधीच होता. मग पीसीएसके९ अडवणारं इव्होलोक्युमॅब आलं, २०१७ मधे २७५६४ पेशंटच्या फूरिये ट्रायलमधे हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे मिळून केलेला प्रायमरी एंडपॉइंट १५% कमी झाला. ८८ कुठे आणि १५ कुठे असं वाटेल, पण एक आयुष्यभराचं आहे आणि दुसरं जेमतेम दोन वर्षांचं. २०२४ मधे नेचरमधे आलेल्या एका मोठ्या मोजणीत जनुकीय पुरावा असलेल्या औषधांचा फेज १ पासून बाजारापर्यंत पोचायचा चान्स इतरांच्या २.६ पट निघाला. म्हणून टार्गेटला जनुकीय आधार आहे का हा प्रश्न मी फेज २ च्या पी व्हॅल्यूच्याही आधी विचारतो.

जाता जाता एक गोष्ट, लोकांना सरकारी किंवा स्वतंत्र ट्रायल्स जास्त यशस्वी वाटतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय, फुप्फुस आणि रक्त संस्थेच्या मोठ्या हृदयविकार ट्रायल्सचा २०१५ चा अभ्यास बघा. २००० च्या आधी ३० पैकी १७ ट्रायल्समधे फायदा दिसला, २००० नंतर २५ पैकी २. त्या सुमाराला बदल काय झाला, तर प्रायमरी एंडपॉइंट आधीच जाहीर नोंदवायला लागला. कारण नेमकं तेवढंच असं कोणी शपथेवर सांगू शकत नाही, पण २००० च्या आधीच्या ट्रायल्सवरून सरासरी काढणाऱ्याने हे लक्षात ठेवलेलं बरं. आणि तसंही, नव्या उपचाराचा चान्स आधीच ९५% वाटत असेल तर निम्म्या पेशंटना प्लासिबो (बिनऔषधाची गोळी) द्यायचा तरी कसा? तज्ञांत खरीखुरी शंका आहे म्हणून तर रँडमाइझ करणं, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे पेशंटचे गट पाडणं, नैतिक ठरतं, त्यामुळे आकडे ५०-६० च्या आसपास घुटमळणं हे यंत्रणा धड चालल्याचंच लक्षण.

ट्रायल सुरू झाल्यावर सुद्धा आकडा हलतो. मधल्या तपासणीत, म्हणजे इंटेरिम ॲनालिसिसमधे, ट्रायलवर नजर ठेवणाऱ्या कमिटीसाठी कंडिशनल पॉवर काढतात, आत्तापर्यंतचा डेटा असा असेल तर शेवटी पास व्हायची शक्यता किती. बाहेरच्यांना आकडा कळत नाही, फक्त "कमिटीने ट्रायल चालू ठेवायला सांगितली" असं कळतं, आणि शेअर उसळतो. अहो, चालू ठेवली याचा अर्थ बहुतेक वेळा इतकाच की अगदीच आशा सोडण्यासारखं काही नाही. यशासाठी थांबवायची रेषा फार कडक असते, ती ओलांडली नाही यातून थोडं कमीच करायला हवं खरंतर, आणि निष्फळतेची रेषा ओलांडली नाही म्हणून थोडं वाढवायचं, एकूण फार हलत नाही.

आणि हे कंडिशनल पॉवर सुद्धा गृहीतकांवर चालतं. बायोजेनचं अॅड्युकॅनुमॅब घ्या, हेही अल्झायमरसाठीच, एमर्ज आणि एंगेज अशा जुळ्या ट्रायल्स, मार्च २०१९ मधे निष्फळ म्हणून दोन्ही बंद. हिशोबात धरलं होतं की दोन्हींत औषधाचा परिणाम सारखाच आहे, म्हणून एकत्रित डेटावरून पुढचा अंदाज बांधला. प्रत्यक्षात दोन्हींची तोंडं दोन दिशांना होती. तपासणीनंतर जमलेला डेटा मिळवल्यावर एमर्जमधे जास्त डोसच्या गटात घसरण २२% कमी, पी व्हॅल्यू ०.०१, आणि एंगेजमधे काहीच नाही. ऑक्टोबर २०१९ मधे कंपनीने जाहीर केलं की आम्ही अर्ज करतोय. अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीए, तिची सल्लागार समिती विरोधात, तरी जून २०२१ मधे एफडीएची त्वरित मंजुरी, ती सुद्धा अमायलॉइड कमी होतं या आधारावर, आणि जानेवारी २०२४ मधे कंपनीने औषध सोडून दिल्याची घोषणा. आता सांगा, २०१८ मधे कोणी या औषधाला १५% दिले असते तर तो बरोबर की चूक?

म्हणून आकडा सांगायच्या आधी पास म्हणजे काय ते लिहून ठेवावं लागतं. प्रायमरी एंडपॉइंट गाठला, का अर्ज केला, का मंजुरी मिळाली, का पाच वर्षांनी डॉक्टर लिहून देतायत. सीईटीपीमधलं चौथं औषध, मर्कचं ॲनासेट्रापिब, त्याची रिव्हील ट्रायल ३०४४९ पेशंटची, २०१७ मधे चक्क पॉझिटिव्ह आली, हृदयविकाराच्या मोठ्या घटना ९% कमी, संख्याशास्त्राच्या दृष्टीने स्वच्छ निकाल. औषध चरबीत साठून शरीरात फार काळ राहतं असंही दिसलं होतं. सगळा विचार करून मर्कने त्याच वर्षी ऑक्टोबरमधे सांगितलं की मंजुरीसाठी अर्ज करणार नाही. प्रायमरी एंडपॉइंटवर पैज लावणारा तिथे जिंकला, आणि फेज ३ मधून अर्जापर्यंत किती जातात हे मोजणाऱ्यांच्या वहीत तीच ट्रायल नापासांच्या रकान्यात गेली.